जेसीबी लावण्याआधी एकदा पाणंद चालून या

जुन्नर तालुक्यातले तहसीलदार साहेब, भूमी अभिलेख खात्यातले माझे जुने सोबती, तलाठी भाऊसाहेब (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचे, पण जिभेची सवय जात नाही) आणि कुकडी खोऱ्यातल्या गावोगावच्या ग्रामसभेतली माझी माणसे,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी ३४ वर्षे सरकारी मोजणीदार होतो. सुरुवात शंकू-साखळीने केली आणि निवृत्त झालो तेव्हा हातात उपग्रहाच्या मदतीने मोजणारा रोव्हर होता. या काळात जितकी भांडणे पाहिली त्यातली निम्मी तरी बांधाची होती आणि उरलेल्यांतली बहुतेक रस्त्याची. त्यामुळे पाणंदी, म्हणजे शेतांमधल्या जुन्या वाटा, मोकळ्या करायला माझा विरोध आहे असा कोणी अर्थ काढू नये. टोमॅटोचे क्रेट डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून डांबरीपर्यंत येणारी बाई मी पाहिली आहे. बाळंतीण अडली म्हणून बाजेवरून नेलेलीही पाहिली आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आजही वापरावा लागतो, कारण अडवलेला रस्ता हे आपले जुने दुखणे आहे. २०२१ ची मातोश्री पाणंद योजना आली तेव्हा मला बरेच वाटले.

म्हणणे वेगळेच आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावची दीड किलोमीटरची पाणंद दोन दिवसांत ‘मोकळी’ झाली. तिसऱ्या दिवशी मी सहज म्हणून गेलो. दोन्ही अंगांची झाडोरा-कुंपणे मुळासकट उपटून बांधावर टाकलेली होती आणि वर लालभडक मुरूम. मधल्या पिंपळाशी एक वीरगळ, म्हणजे लढून पडलेल्या वीराचा कोरीव दगड, उभी असे. तीन चौकटींची. खाली पडलेला वीर आणि गाई, मध्ये अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर पिंड आणि सूर्य-चंद्र. ती दिसेना. चौकशी केली तर कळले की मोरीच्या नळ्याखाली भर कमी पडत होती. चालकाला दगड दिसला, त्याने दगड टाकला. त्याचा काय दोष? त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दर अमावास्येला तिथे नारळ फोडणारी एक म्हातारी मला म्हणाली, “साहेब, आमचा देव नळीखाली गेला, आता नारळ कुठं फोडू?” मी साहेब कधीच नव्हतो, पण उत्तर मलाही देता आले नाही.

त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

पाणंद म्हणजे दोन कुंपणांमधली रिकामी जागा असे आपण धरून चालतो. विदर्भात तिला पांदण म्हणतात. कोकणात जांभ्याच्या गडग्यांमधून चढत जाते ती पाखाडी. नाव काहीही घ्या, गावात देऊळ जीर्णोद्धाराने बदलते, वाडा पडतो, वेशीचे दगड शाळेच्या पायात जातात. जुन्या जागी टिकते ती वाट. आणि ती वाचता येते. कशी, ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो.

गावनकाशा उघडा. काही रस्ते दोन अखंड रेघांनी दाखवलेले असतात, काही दोन तुटक रेघांनी, काही एकाच तुटक रेघेने. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, रुंदी १६॥ (साडेसोळा) ते २१ फूट. तुटक एकेरी म्हणजे पायवाट, ८। (सव्वाआठ) फूट. हे आकडे असे विचित्र का, म्हणून नवे लोक मला विचारत. कारण मोजणी फुटांत झालीच नव्हती. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. त्या हिशेबात पायवाट ही चार आणे आणि गाडीवाट आठ आणे, म्हणजे पाव साखळी आणि अर्धी साखळी. मोजणीदाराने चालता चालता आण्यांत वाट नोंदवली आणि आपण अजून तिचे फूट काढत बसलो आहोत.

रेघांतला फरक त्याहून महत्त्वाचा. दोन अखंड रेघांच्या रस्त्याचे क्षेत्र कुठल्याच सर्व्हे नंबरात धरलेले नसते. म्हणजे मोजणीवाले आले तेव्हा तो रस्ता इतका पक्का आणि सार्वजनिक होता, की त्यावर सारा लावण्याचा प्रश्नच नव्हता. तुटक रेघेची वाट मात्र लोकांच्या नंबरातून जाते आणि तिचे क्षेत्र त्या नंबरात पोटखराबा, म्हणजे लागवडीत न धरलेली जमीन, म्हणून पडते. इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली जी पद्धत बसवली ती पुढे इलाखाभर गेली. तेव्हा ज्या गावच्या नकाशावर अखंड रेघा आहेत, तिथली वाट त्या गावच्या पहिल्या मोजणीच्याही आधीची आहे, हे छातीठोकपणे सांगता येते.

याहून मागे जायचे तर बांध बघा. एखाद्या वाटेला दोन्हीकडून बांध येऊन थडकतात आणि तिथेच संपतात, पलीकडे त्यांची ओळ जुळत नाही. अशी वाट आधीची, शेते नंतर तिच्या कडेने पाडली गेली. उलट एखादी वाट सरळ जाता जाता अचानक काटकोनात वळते, शेताच्या कोपऱ्याला वळसा घालते, परत वळते. तिथे शेते आधीची आणि वाट उशिरा आलेली, शेतकऱ्यांच्या मेहेरबानीने कडेकडेने गेलेली. पुरातत्त्वाचे लोक जमिनीत थरावर थर वाचतात, मोजणीदार हेच काम आडवे करतो. आणि वाट हीच दोन गावांची शीव असेल तर ती फारच जुनी समजावी. दोन गावे बांधावरच्या एका बोरीवरून तीन पिढ्या भांडतील, मधली वाट मात्र दोघांनी मान्य केलेली असते, कारण ती दोघांच्याही आधीची असते.

आमच्या गावच्या पाणंदीला शाळेजवळ एक नागमोडी वळण आहे. कंत्राटदाराच्या आराखड्यात ते ‘सरळीकरण’ या एका शब्दात काढून टाकले आहे. ते वळण मी नोकरीत असताना जुन्या टिपणावर, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदीवर, तपासले होते. शंभर वर्षांहून जुन्या त्या हातकागदावर ते आण्याच्या मापाने जसेच्या तसे आहे. वळणाच्या आत आज काहीच नाही, नुसते माळरान. पण नांगर लागला की तिथे विटांचे तुकडे आणि खापऱ्या वर येतात. वाट कशाला तरी वळसा घालत होती. कशाला, ते उकरून पाहणाराच सांगेल. वळणच गेले तर हा प्रश्नही कोणाला पडणार नाही.

पाणंद खोल का असते, हाही एक वाचण्याजोगा भाग आहे. काळ्या रानात चाकाने माती फुटते, पावसाळ्यात ती वाहून जाते, पुढच्या साली चाक आणखी खाली. दरसाल बोटभरही नको, पिढ्यांच्या हिशेबाने ती कंबरभर, कुठे पुरुषभर खाली जाते. जिथे मुरूम लागतो तिथे चाकोरी दिसते, आणि घाटात काळ्या पाषाणावर खुरांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या. पण एक लक्षात ठेवावे की आपल्याकडे गाड्यांचा काळ जितका जुना वाटतो तितका सगळीकडे जुना नाही. सह्याद्री उतरणारा माल पुष्कळ काळ बैलांच्या पाठीवरूनच गेला. वंजारी-लमाणांचे तांडे गोण्या लादून मीठ वर आणत आणि धान्य खाली नेत. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. देशावरही जुन्या गाड्या भरीव चाकांच्या आणि जड होत्या. सुधारलेली हलकी गाडी १८३० च्या दशकात मोजणी खात्याच्याच गेसफर्ड नावाच्या लेफ्टनंटने टेंभुर्णीला कारखाना घालून चालवली. (आमच्या खात्याने केलेल्या चांगल्या कामांची यादी लांब नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.) म्हणजे अरुंद, खोल, जेमतेम एक लादलेला बैल जाईल अशी पाणंद दिसली तर ती ‘गाडीवाट बुजली’ असे समजू नका. ती गाडीच्या आधीची असू शकते.

आणि आपण राहतो कुठे, याचाही विचार करा. नाणेघाट आपल्या उशाशी. सातवाहनांनी तिथे लेणे कोरले, नागनिका राणीचा ब्राह्मी लेख लिहिला, यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे खोदून ठेवले. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाला सगळे जकातीचा रांजण म्हणतात आणि त्याच्यासोबत फोटो काढतात. पण घाट चढून आलेला बैल रांजणापाशी थांबून राहत नव्हता. तो घाटघरवरून कुकडीच्या काठाने जुन्नरला येत होता, तिथून पुढे पैठणला जात होता. जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली ती या वाहतुकीच्या जिवावर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, पैठणपासून पूर्वेला तेर दहा दिवसांवर, आणि तिथले मौल्यवान दगड व कापड गाड्यांतून आणले जाते, तेही मोठमोठ्या वाट नसलेल्या मुलखातून. आता गंमत अशी की वाट नसेल तर गाड्या आल्या कुठून? वाट होतीच. तिच्यावर फरसबंदी नव्हती आणि तिला कोणी रस्ता म्हणत नव्हते, इतकेच. आपल्या पाणंदीचेही असेच झाले आहे. दोन्ही टोकांना स्मारके आहेत, त्यांना जोडणारी वाट कोणाच्या यादीत नाही.

दामोदर कोसंबी गणिती होते, पण पुण्याच्या आसपासचा मुलूख त्यांनी पायांनी वाचला. आळंदी-देहूहून पंढरीला जाणाऱ्या पालखीच्या वाटेवर त्यांना गारगोटीची सूक्ष्म अश्मास्त्रे सापडत गेली. देवीची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर आहेत हेही त्यांच्या ध्यानात आले. वारीच्या आधी त्याच वाटेने गुराखी आणि मेंढपाळ ऋतूप्रमाणे वर-खाली होत असावेत, असे त्यांचे मत. ते सर्वांनी मानावे असे नाही. पण पाऊस सरला की आपल्या पाणंदींतून जी मेंढरे येतात, त्यांच्या मागे घोड्यावर बिऱ्हाड आणि कोंबड्या बांधून धनगर येतो, त्याला विचारा की बाबा ही वाट तुला कोणी दाखवली. रब्बी उभी असताना हजार मेंढरे पिकाला तोंड न लावता गावातून पार करायची, तर दोन्ही अंगांना कुंपण असलेली पाणंदच लागते. आपणच त्याला रानात मेंढरे बसवायला बोलावतो, खतासाठी. आणि आपणच कुंपण उपटतो.

कुंपणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अंदाजपत्रकात त्याला ‘झुडपे काढणे’ एवढीच ओळ असते. आमच्या पाणंदीत मी मागच्या श्रावणात नुसते चालत जाऊन मोजले. शेर, तीनधारी निवडुंग, निर्गुडी, चिल्हार, सागरगोटा, करंज, हिवर, बोर, तरवड, त्यांवर चढलेली गुळवेल आणि वाघाटी. आषाढी एकादशीचा उपास बारशीला सोडायला वाघाटीची भाजी लागते आणि हल्ली ती बाजारातून पैसे देऊन आणतात, पाणंदीत कोणी जात नाही म्हणून. घायपात आणि घाणेरीही आहे, पण त्या मूळच्या अमेरिकेतल्या, म्हणजे ज्या तुकड्यात फक्त त्याच आहेत ते कुंपण त्या मानाने अलीकडचे. जिथे शेर आणि निवडुंगाचे खोड मांडीएवढे झाले आहे ते जुने. इंग्लंडात अशा गवताळ जुन्या वाटांना ‘ग्रीन लेन’ म्हणतात. तिथे मॅक्स हूपर नावाच्या संशोधकाने तीस यार्डांच्या कुंपणातल्या झाडा-झुडपांच्या जाती मोजून, एक जात म्हणजे साधारण एक शतक, असा ठोकताळा बसवला होता. पुढे त्यावर पुष्कळ आक्षेप निघाले. आपल्याकडे तो लागू पडेल असे मला मुळीच वाटत नाही. पण त्यांच्याकडे निदान आक्षेप घेण्याइतके तरी मोजून झाले! जुन्या वाटा नकाशावर नोंदवायला त्यांच्या २००० सालच्या कायद्याने २०२६ ची मुदत घातली होती, तर हरवलेल्या वाटा शोधायला लोक दप्तरखान्यांत बसले आणि मुदत पुढे ढकलावी लागली. आपल्या दप्तरखान्यातली टिपणे वाळवीच्या ताब्यात आहेत.

ज्यांना इतिहासाशी देणेघेणे नाही त्यांच्यासाठी पाण्याची गोष्ट. खोल पाणंद ही पावसाळ्यात ओढ्याचे काम करते. दोन्हीकडच्या रानांतले पाणी ती पोटात घेते आणि खाली नेऊन सोडते. तुम्ही तिच्यात दोन-तीन फूट मुरूम भरून ती शेतांपेक्षा उंच केली, मोऱ्यांचा खर्च वाचवला, की तेच पाणी खालच्या माणसाच्या कांद्यात घुसते. मग तो एके रात्री कुदळ घेऊन रस्ता फोडतो आणि प्रकरण परत तुमच्याच टेबलावर. अशी निदान सहा प्रकरणे मी स्वतः मोजली आहेत. जुन्या माणसांनी वाट खाली का ठेवली, हे विचारले असते तर मुरमाचे पैसेही वाचले असते.

विचारायचे कोणाला? पाटलाच्या घरी जाल, तिथे आपला तो रस्ता असेच उत्तर मिळेल. पूर्वी शिवेच्या तंट्यात शेवटचा शब्द वतनदार महाराचा असे. कातडे नाहीतर मातीचे ढेकूळ डोक्यावर घेऊन तो शीव चालायचा आणि तो जिथून चालला ती शीव दोन्ही गावे मान्य करत. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच पावलांवर गावाची हद्द ठरत होती. त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना वाटांची नावे अजून पाठ आहेत. बाजारवाट, लमाणतळ, मढ्याची वाट. त्यातली शेवटची सगळ्यात जास्त अडवली जाते, कारण तिच्यावरून रोज कोणी जात नाही. ज्यांना स्वतःचे रान नाही त्यांना मात्र तीच एक वाट लागते, स्मशानापर्यंत. मोकळ्या करायच्या पाणंदींची यादी करताना ऊस कोणाचा निघतो एवढेच बघू नका.

कायदे नवे करायला नकोत. महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे. गावातल्या वहिवाटी आणि जाण्यायेण्याचे हक्क चौकशी करून त्यात लिहायचे असतात. त्यात नावासकट वाटा लिहा. शेतरस्ता सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचे आदेश निघाले आहेत, तेही करा, मात्र नुसते ‘रस्ता’ न लिहिता जुने नाव लिहा. रोव्हर तुमच्याकडे आहेच. यंत्र लागण्याआधी एक दिवस पाणंदीच्या मध्यरेषेचे आणि दोन्ही कुंपणांचे बिंदू घ्या. शेंदूर लागलेला, कोरीव, किंवा उगाचच उभा असलेला प्रत्येक दगड, गधेगाळ (गाढवाचे चित्र कोरलेला शापाचा दगड), म्हसोबा, बारव, हद्दीची जुनी खूण, सगळ्यांचे फोटो काढा. हलवावाच लागला तर जागेची नोंद करून त्याच वाटेच्या कडेला उभा करा, सरपंचांच्या बंगल्याच्या बागेत नको. रुंदी लागेल तेवढी घ्या, पण एकाच बाजूने घ्या आणि दुसरे कुंपण उभे राहू द्या. वळण सरळ करू नका. आणि अंदाजपत्रकात मोऱ्या धरा.

यात पैसा फारसा नाही, एक दिवस आहे. कॉलेजची पोरे बोलावलीत तर दिवसही तुमचा जायचा नाही.

आमच्या पाणंदीचे काम दिवाळीनंतर सुरू होणार असे ऐकतो. तहसीलदार साहेब, सवड काढून त्याआधी एक सकाळ या. गाडी मारुतीपाशी लावावी लागेल, पुढे चालतच जायचे आहे. माझ्याकडे जुनी साखळी अजून आहे, कड्या थोड्या ताणल्यात, पण आणे नीट मोजता येतात. एक टोक मी धरतो, दुसऱ्याला कोणीतरी लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार